साडेचारचा सात पॉइंट एक

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी कोडमधला एक आकडा बदलला. ४.५ होता, ७.१ केला. एका ओळीचा बदल. रिव्ह्यू करणाऱ्याने अंगठा दाखवला, संध्याकाळपर्यंत ते लाइव्ह गेलं, आणि मी बेलापूरहून नेहमीची लोकल पकडून घरी गेलो.

आकडा न्हावा शेव्याच्या एका टर्मिनलवरच्या क्रेनचा होता. जहाजातून कंटेनर उचलणारी ती उंच क्रेन, उरणच्या रस्त्यावरूनही दिसते. तिच्या मोटरवर आणि गिअरबॉक्सवर आमचे सेन्सर चिकटवलेत. ते थरथर मोजतात, सेकंदाला किती मिलिमीटर अशी.

फिरणारं यंत्र मोडण्याच्या बरंच आधी कुरकुरायला लागतं. बेअरिंगच्या कड्याला बारीक खड्डा पडला की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना टक् करते. गोळ्या किती, फेरे किती, यावरून ही टकटक सेकंदाला किती वेळा होणार हे कागदावर काढता येतं. इंजिनिअरिंगला असताना मला हे गणित फार आवडायचं. अजूनही आवडतं.

४.५ आणि ७.१ हे आकडे माझे नाहीत. ते आयएसओ १०८१६ नावाच्या मानकातून आलेत. मोठ्या, ताठ पायावर बसवलेल्या यंत्रांसाठी त्यात २.३ पर्यंत उत्तम, ४.५ पर्यंत चालू द्या, ७.१ पर्यंत फार दिवस नको, आणि त्यापुढे धोका, असे पट्टे दिले होते. पण हे आकडे मार्गदर्शक आहेत, आणि एका गतीने चालणाऱ्या यंत्रांसाठी आहेत, असंही तेच मानक सांगत होतं. क्रेन कसली एका गतीने चालतेय! ती उचलते, थांबते, उलटी फिरते, रिकामी परत येते. त्यामुळे ४.५ वर दिवसभर अलर्ट वाजायचे. मेंटेनन्सच्या खोलीतल्या लोकांनी शेवटी आवाजच बंद करून टाकला. ज्या अलर्टकडे कुणी बघत नाही तो नसल्यासारखाच, म्हणून मी मर्यादा वाढवली. हा युक्तिवाद आजही मला चुकीचा वाटत नाही. माझी अडचण तीच आहे.

कारण चुका दोन प्रकारच्या होतात. यंत्र ठीक असताना ओरडायचं, किंवा बिघडलेलं असताना गप्प बसायचं. एक कमी केली की दुसरी वाढते. पहिल्या चुकीची किंमत एक्सेलमध्ये आहे: क्रेन तासभर बंद राहिली तर इतके रुपये. दुसरीला रकानाच नाही. ती भरणारा माणूस खाली, कंटेनरांच्या बांधण्या सोडवत उभा असतो. आकडा ठरला त्या मीटिंगमध्ये तो नव्हता. स्वतःचा धोका पत्करणं आणि दुसऱ्याचा परस्पर पत्करणं, यात फरक आहे हे कुणालाही कळतं. पण ड्रॉपडाउनमधून ७.१ निवडताना दोन्ही एकसारखंच वाटतं.

ऑगस्टमध्ये साइटवर गेलो होतो. तिथले एक फिटर, आम्ही त्यांना काका म्हणतो, गिअरबॉक्सवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावून उभे होते. म्हणाले, "साहेब, हिच्या पोटात काहीतरी हाय. तुमचा कंप्युटर काय बोलतो?"

मी फोन काढला. ३.८. हिरवा.

काकांनी वाद घातला नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं आणि मागे लागून तेल काढायला लावलं. तेलात धातूचा चुरा चमकत होता. नियोजित बंदमध्ये बेअरिंग बदललं, कुणाला काही झालं नाही. नंतर कळलं की सुरुवातीची टकटक फार वरच्या फ्रिक्वेन्सीत असते आणि एकूण बेरजेत बुडून जाते. खरं तर 'कळलं' म्हणणं लबाडी आहे. कॉलेजात शिकलो होतो. डेटा साठवायचा खर्च वाचवायला आम्ही फक्त बेरीज ठेवत होतो.

चहा पिताना काका त्यांच्या घराबद्दल बोलले. ते शेवा कोळीवाड्याचे. बंदरासाठी तो गाव हलवला आणि उरणजवळ बोरीपाखाडीला वसवला. तिथल्या घरांना वाळवी लागली. "वरून रंग दिलेला असतो," काका म्हणाले. "लाकडावर टकटक केलं की समजतं, आतून पोकळ. तक्रार केली की बघायला यायचे नि बोलायचे, घर उभं हाय ना?"

त्यांचं 'घर उभं हाय ना' आणि माझं ३.८, यात फरक काय, हे मला तेव्हा सांगता आलं नाही.

परत आल्यावर वरच्या फ्रिक्वेन्सीचं विश्लेषण सुरू केलं. ते सोपं होतं. शिवाय प्रत्येक मर्यादेशेजारी दोन रकाने टाकले: ही कोणी ठरवली, आणि चुकली तर खाली कोण असतं. पहिल्यात माझं नाव आहे. क्लायंटला हे दिसायला नको, असं मॅनेजरचं म्हणणं. पुल रिक्वेस्ट तीन आठवडे उघडी आहे. मी रोज सकाळी ती बघतो, आणि दुसऱ्या रकान्यात नेमकं काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.