सवलत आणि श्वास

नेब्युलायझरने रोजा तुटतो का, हा प्रश्न रमजानमध्ये हमखास विचारला जातो. औषधाचे तुषार फुप्फुसात जातात, पोटात नाही, म्हणून तुटत नाही असे काही उलेमा म्हणतात. आपल्याकडचे बरेच हनफी मुफ्ती तुटतो म्हणतात.

मला त्याच्या अलीकडचा प्रश्न मोठा वाटतो. सूरह बकराच्या १८४व्या आयतीत आजाऱ्याला सवलत आहे. दुखणे कायमचे असेल तर फिदिया, म्हणजे एका रोजाबद्दल एका गरिबाचे जेवण. तरी दम्याने जर्जर झालेली म्हातारी दुपारचे औषध इफ्तारपर्यंत लांबवते आणि आपण तिच्या सब्रचे कौतुक करतो. जन्मात विडी न ओढलेल्या अशा कितीतरी बायकांची फुप्फुसे चुलीच्या धुराने गेली आहेत. त्याच चुलीवर आपली सेहरी शिजत होती. मग अल्लाहने दिलेली सूट ती का घेत नाही? पुष्कळदा अल्लाहपेक्षा मोहल्ल्याची धास्ती मोठी असते, आणि ती आपणच घातलेली. भर दुपारी मशीन सुरू झाले की घरातलेच उठून खिडकी लावून घेतात, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून!