देवदाराखाली मुक्कामाला जाण्याआधी

कोपर्निकस मार्गावर जुन्या महाराष्ट्र सदनापासून इंडिया गेटच्या दिशेने सावकाश चालायला लागा. हिमाचलमधल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये तंबू टाकायचं ठरलंय, रजेचा अर्ज गेलाय, सामानाची यादी खिशात आहे. ती तूर्त खिशातच राहू द्या. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या आणि मनात एकच झाड उभं करा, देवदाराचं.

बुंध्यापासून सुरुवात करा. उभ्या भेगा पडलेली करडी साल, दोघांनी हात पसरले तरी कवेत न येणारा घेर. आता नजर हळूहळू वर न्या. आडव्या पसरलेल्या फांद्या, त्यांच्यावर आणखी फांद्या. चाळीस-पन्नास मीटर उंची म्हणजे चौदा-पंधरा मजले. शेंडा लागेपर्यंत धीर धरा. वाटेत एखादा शंकू दिसेल, फांदीवर ताठ बसलेला. त्याला पिकायला वर्षभर लागतं. पिकला की तो सहसा अख्खा खाली पडत नाही. झाडावरच त्याचे खवले सुटे होतात आणि पंखवाल्या बिया वाऱ्यावर निघतात. या वर्षभराच्या संथपणाशी आपली चार दिवसांची रजा ताडून पाहा. कमी-जास्त काही ठरवू नका, फक्त पाहा.

आता समोर बडोदा हाउस येईल. गायकवाडांसाठी लुटियन्सने आराखडा केलेल्या या वास्तूत आज उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. इथे जरा जास्त वेळ थांबा. एकोणिसाव्या शतकात उत्तरेत रूळ टाकले जाऊ लागले तेव्हा त्यांखालच्या स्लीपरसाठी देवदार हवा होता. त्याचं लाकूड तेलकट, सुवासिक; कुजत नाही, वाळवीला दाद देत नाही. हिमालयात झाडं पाडायची, ओंडके नदीत सोडायचे आणि खाली मैदानात अडवून काढायचे, असं वर्षानुवर्षं चाललं. बियास, रावी, चिनाब या नद्यांनी देवदार वाहून आणले. 1864 मध्ये वनतज्ज्ञ डीट्रिच ब्रँडिसच्या हाताखाली वनखातं उभं राहिलं, त्यामागेही ही चिंता होतीच की लाकूड असंच संपत गेलं तर रूळ कशावर टाकायचे. तुम्ही जिच्या काठाने चालणार आहात ती तीर्थन लारजीजवळ याच बियासला मिळते.

मन लगेच दोषी शोधू लागेल. शोधू द्या. मग हेही आठवा की आपली मराठी घरं दिल्लीत आली ती रेल्वेनेच. कोणाच्या तरी सावलीचं देणं आपल्याकडे लागतं, एवढं मनात ठेवून पुढचं पाऊल टाका.

शेजारीच फरीदकोट हाउस. तिथे राष्ट्रीय हरित लवाद बसतो. झाडांचे, नद्यांचे खटले इथवर येतात.

आता यादी उघडा. रात्रीच्या बसने औट, तिथून बंजारमार्गे गुशैनी. पुढे उद्यानात मोटाररस्ता नाही; नदीकाठच्या पायवाटेने रोल्ला हा पहिला मुक्काम. परवाना आधी काढायचा. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबरनंतर जायचं. पावसाळ्यात दरडींच्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक वस्तूवर बोट ठेवा आणि विचारा, ही झाडाखाली कशाला हवी? तंबू, स्लीपिंग बॅग, हेडलॅम्प, गॅसची शेगडी राहू द्या. शेकोटी खोडा. स्पीकर खोडा, कारण रानात जुजुराणा आहे, हिमाचलचा राज्यपक्षी, अतिशय बुजरा. कचऱ्यासाठी रिकामी पिशवी वाढवा.

एका ओळीवर मात्र घाई करू नका: 'गाइड आणि पोर्टर'. 1999 मध्ये उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली आणि भोवतालच्या गावांचे आतल्या चराईचे, जडीबुटी गोळा करण्याचे हक्क संपले. 2014 मध्ये युनेस्कोने या रानाला जागतिक वारसा म्हटलं, ते याच त्यागावर. म्हणून माणूस त्या गावांतलाच घ्या आणि मजुरीत घासाघीस करू नका. चालताना त्यांना पुढे राहू द्या. त्यांच्या घरची मेंढरं पूर्वी कोणत्या कुरणात जायची ते विचारा, आणि ते सांगतील तितका वेळ ऐका.