आजाऱ्याजवळ कुणाची पाळी?

आपल्या अभ्यासवर्गात एक प्रश्न पुन्हापुन्हा येतो आणि दर वेळी त्याला बगल दिली जाते. वस्तीत साथ आली. खाणारी तोंडं पाच, कमावता एक आणि तोच अंथरुणाला खिळलेला. अशा वेळी बुद्ध काय कामाचा? डोळे मिटून श्वास बघितला म्हणून ताप उतरतो का? मैत्रीभावना केली म्हणून रेशन येतं का?

प्रश्न रास्त आहे. उत्तर सरळ देतो. नाही. ताप औषधानं उतरतो, रेशन भांडून मिळतं. पण एवढ्यावर प्रश्न मिटत नाही.

आधी एक घाण काढून टाकू. आजार आला की कुणीतरी म्हणतंच, गेल्या जन्मीचं भोगतोय बिचारा. आपल्या घरांत, बुद्धाच्या फोटोखाली बसूनसुद्धा हे बोललं जातं. संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाच्या परिव्राजकानं बुद्धाला नेमकं हेच विचारलं आहे. माणसाला जे काही सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मानं होतं का? बुद्धानं त्याला आठ कारणं मोजून दाखवली : पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र, ऋतूबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला मार आणि कर्म. म्हणजे आठातली सात इथलीच, डोळ्यांना दिसणारी. बाबासाहेब तर पुढं गेले. १९५७ साली निघालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात त्यांनी गेल्या जन्माच्या कर्माचा सिद्धान्तच उलटा धरून तपासला. गरिबाच्या हालाची जबाबदारी सरकारनं आणि समाजानं झटकावी, ह्याखेरीज त्या सिद्धान्ताचा उपयोग त्यांना दिसला नाही.

मी सूतगिरणीत कार्डिंग खात्यात आहे. कापसाची तुसं छातीत जाऊन बसतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळून येते. ह्या रोगाचं नाव बिसिनोसिस. १९४८च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या यादीत तो धंद्यातला रोग म्हणून होता. आता हा कुठल्या जन्माचा हिशेब? हा धूळ ओढणाऱ्या, न चालणाऱ्या पंख्याचा हिशेब आहे, आणि तो ह्याच जन्मी मागायचा आहे.

हे आपल्या पोरांना पटतं. मोर्चा म्हटला की सगळे येतात. आडतंय ते पुढं. मोर्चा संपतो, पोरं घरी जातात, आणि ज्याच्या नावानं मोर्चा काढला तो खोलीत एकटा खोकत पडलेला असतो. इथं बुद्धाची गरज लागते.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती. तो स्वतःच्याच मलमूत्रात लोळत पडला होता. बुद्ध आनंदाला घेऊन निवासांची पाहणी करत तिथं आला. तुझ्याजवळ कुणी आहे का, त्यानं विचारलं. कुणी नव्हतं. का नाही? तर तो भिक्खू म्हणाला की माझा इतरांना काही उपयोग नाही, म्हणून ते माझं करत नाहीत.

दोस्तांनो, हे उत्तर ओळखीचं वाटतं की नाही? जोवर उपयोग तोवर माणूस. २०२०च्या टाळेबंदीत काम थांबलं आणि लाखो मजूर एका रात्रीत बिनउपयोगाचे झाले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडं चालत निघालेले १६ जण ८ मे २०२०ला करमाडजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली गेले.

बुद्धानं त्या भिक्खूला प्रवचन दिलं नाही. आनंदाला पाणी आणायला लावलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं अंग धुतलं, मग एकानं डोक्याकडून, दुसऱ्यानं पायाकडून उचलून त्याला खाटेवर ठेवलं. ज्या देशात घाण उपसायचं काम जन्मावर बांधून दिलं, आणि २०१३च्या कायद्यानं बंदी घालूनही गटारात माणसं उतरवली जातात, त्या देशात संघाचा शास्ता स्वतः हात घालतो, ही साधी गोष्ट नाही.

आणि तो तिथंच थांबला नाही. त्यानं नियम केला. तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही, एकमेकांचं तुम्हीच करायचं, असं त्यानं भिक्खूंना बजावलं. आजाऱ्याची सेवा गुरूनं करावी, शिष्यानं करावी, कुणीच नसेल तर संघानं करावी. न केली तर दोष. म्हणजे करुणा कुणाच्या मनाच्या लहरीवर सोडली नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर पाळी लावली. मन लागो न लागो, पाळी भरायची.

मग ध्यान कशाला? पाळीवर टिकायला. सल्लसुत्तात दोन बाणांचा दाखला आहे. पहिला बाण शरीरात घुसतो. दुसरा आपणच आपल्या मनात मारून घेतो, भीतीचा, चिडीचा. साथीत दुसऱ्या बाणानं पुष्कळ नुकसान केलं. २०२०मध्ये आजाऱ्याच्या घराला शेजाऱ्यांनी वाळीत टाकलं. अंतर रोगासाठी ठेवायचं होतं, ते माणसासाठी ठेवलं गेलं. आपल्या आज्या-पणज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं. आपण कुणाच्या दाराकडं पाठ फिरवणार? श्वासावर लक्ष ठेवून भीती निवळली तर तोंडाला फडकं बांधून, हात धुऊन माणूस आत जाऊ शकतो. तेवढ्यासाठी ध्यान करा. डोळे मिटून बसायचं आणि शेजारची खोकल्याची उबळ ऐकू येऊ द्यायची नाही, ह्याला उपेक्षा भावना म्हणत नाहीत. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषानंसुद्धा अशा अडाणी बेफिकिरीला उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हटलंय.

सावित्रीमाई बौद्ध नव्हत्या. पण १८९७च्या प्लेगात यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांना पोचवता पोचवता १० मार्चला त्या त्याच रोगानं गेल्या. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीरांच्या जोडीला फुल्यांना गुरू मानलं, ते उगाच नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. विहारात वंदना होते तिथंच एक वही ठेवा. वस्तीत कोण आजारी, त्याच्याकडं आज कोण जाणार, दोन्ही लिहा. क्षयाचं औषध साधारण सहा महिने चालतं. मध्येच सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं, पण दुसऱ्या महिन्यात बरं वाटलं की माणूस सोडतो. त्याच्यासोबत सहा महिने जायला कुणीतरी हवं. ज्याला जमणार नाही त्यानं बदली द्यावा, जसा गिरणीत देतात. मागण्यांचं निवेदन त्याच वहीतून लिहा, म्हणजे त्यात खरी नावं, खरे रोग येतील.

पहिलं पान कुणीतरी सुरू करा. रातपाळी सुटल्यावर सकाळचा एक तास मी घेतो.