सर्वांचे रान, एकाची शिकार

जी वस्तू सर्वांची असते ती प्रत्यक्षात कोणाची असते, हा नीतिशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. सार्वजनिक विहिरीवर, गावाच्या गायरानात, आगगाडीच्या अनारक्षित डब्यात तो आपल्याला नेहमी भेटतो. परंतु सवयीमुळे आपण त्याकडे प्रश्न म्हणून पाहत नाही. अशा वेळी एखादे दूरचे व अपरिचित उदाहरण त्या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट करते. अमेरिकेतील सार्वजनिक जमिनीवर होणारी बायसनची शिकार, आणि तिच्यापायी पैसे घेऊन शिकार घडविणारे वाटाडे व स्वतःच्या बळावर आलेले शिकारी यांच्यात निर्माण होणारी तेढ, हे असेच एक उदाहरण होय.

प्रथम या प्राण्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आपल्याकडील गव्याला इंग्रजीत ‘इंडियन बायसन’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी अमेरिकन बायसन हा निराळा प्राणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर त्याची संख्या कोट्यवधी होती. १८७० नंतर कातड्यांच्या व्यापारासाठी त्याची बेसुमार कत्तल झाली आणि १८८९ च्या सुमारास संपूर्ण खंडात हजाराच्या आसपासच जनावरे उरली. ज्या मूळ रहिवासी जमातींचे अन्न, वस्त्र व निवारा या एका प्राण्यावर अवलंबून होते, त्यांचे जीवनच उद्ध्वस्त झाले. त्या काळी बायसनवर कोणाचीही मालकी नव्हती. जो आधी गोळी झाडील त्याचे जनावर, एवढाच नियम होता. तो नियम वरवर पाहता सर्वांना सारखाच लागू होता. परंतु त्याने शेवटी कोणाच्याच हाती काही ठेवले नाही.

पुढे जे घडले ते वेगळ्या वृत्तीने घडले. १९४१ साली यूटा राज्यात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून १८ बायसन आणून तेथील ओसाड प्रदेशात सोडण्यात आले. पुढील वर्षी आणखी ५ नर आणले गेले. त्या कळपाने कालांतराने हेन्री पर्वताच्या परिसरात आपला मुक्काम हलविला. हा प्रदेश मुख्यत्वे सरकारी मालकीचा असून ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या ताब्यात आहे. त्याच कुरणांवर पशुपालकांची गुरेही चरतात. त्यामुळे कळप अमर्याद वाढू देता येत नाही. तो सुमारे सव्वातीनशे प्रौढ जनावरांइतका राखावा, असे राज्याच्या वन्यजीव विभागाने ठरविले आणि शिकारीच्या मार्गाने ही मर्यादा सांभाळण्याची पद्धत पडली.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. म्हणून ही व्यवस्था पुष्कळ वाचकांना विचित्र वाटेल. शिकार करणे मुळात योग्य की अयोग्य हा गंभीर प्रश्न आहे, पण तो स्वतंत्र प्रश्न आहे. येथे आपण एवढेच पाहू, की जेथे समाजाने शिकारीस मान्यता दिली आहे, तेथे न्याय कशाला म्हणावे.

यूटामध्ये बायसनच्या शिकारीचे परवाने मोजके असतात आणि त्यांतील बहुतेक सोडतीने दिले जातात. सोडतीत नाव न निघाल्यास अर्जदाराच्या खाती दर वर्षी एक गुण जमा होतो. निम्मे परवाने अधिक गुण असलेल्यांना मिळतात, उरलेले कोणालाही मिळू शकतात. एकदा परवाना लाभला की त्या मनुष्याला त्या राज्यात पुन्हा बायसनचा परवाना मिळत नाही. अनेक लोक वर्षानुवर्षे अर्ज करतात आणि त्यांतील कित्येकांचे नाव कधीच निघत नाही. सोडतीत सावकार आणि सुतार यांच्या नावांच्या चिठ्ठ्या सारख्याच वजनाच्या असतात. या व्यवस्थेचे नैतिक बळ त्या समानतेतच आहे.

परंतु परवाना हाती पडला की ही समानता संपते. ज्याच्यापाशी पैसा आहे तो वाटाड्याची सेवा घेतो. वाटाडे व त्यांचे टेहळे मोसम सुरू होण्याच्या आधीपासून कळपाचा माग ठेवतात. प्रत्यक्ष शिकारीच्या दिवसांत ते दुर्बिणी घेऊन निरनिराळ्या टेकड्यांवर बसतात, आणि गिऱ्हाईक ऐन वेळी येऊन नेमक्या जागी उभे राहते. दुसरा मनुष्य एखाद्या भावाला किंवा मित्राला सोबत घेऊन येतो. त्याची रजा मोजकी असते, नकाशा नवा असतो, आणि साडेअकरा हजार फुटांपर्यंत चढत गेलेला तो पर्वत त्याने पूर्वी कदाचित पाहिलेलाही नसतो. दिवसभर पायपीट करून कळप दिसावा, तर त्याच्या भोवती आधीच माणसे बसलेली! ‘या जनावरामागे आम्ही आठवडाभर आहोत,’ असे कोणी सांगितले, की तो काय उत्तर देणार?

वाटाड्यांचीही बाजू आहे आणि ती हलकी नाही. हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. सरकारी जमिनीवर तो करण्यासाठी त्यांना परवाना व शुल्क लागते. बायसनचा मोठा नर वजनाने हजार किलोच्या जवळपास जाऊ शकतो. तो पडल्यावर मांस वाया जाऊ न देता खडकाळ दऱ्यांतून वाहून आणणे हे नवख्याचे काम नव्हे. काही परवाने केवळ मादीसाठी असतात, आणि कळपाच्या गर्दीत नर-मादी ओळखण्यास सराव लागतो. वृद्ध किंवा अपंग शिकाऱ्याला तर वाटाड्याशिवाय ही संधी घेताच येणार नाही. शिवाय त्यांची तक्रार अशी, की कित्येक स्वतंत्र शिकारी स्वतः काहीच शोध न करता वाटाड्यांच्या गाड्यांमागे जातात आणि त्यांनी शोधलेल्या जनावरावर आयता हक्क सांगतात.

श्रम कोणाचे आणि फळ कोणाचे, हा या वादाचा गाभा आहे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस असे प्रतिपादन केले, की सामाईक वस्तूत मनुष्य आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. मात्र इतरांसाठी पुरेसे व तितकेच चांगले उरले पाहिजे. शिकारीचे उदाहरण त्याने स्वतःच घेतले आहे. ज्याने सशाचा पाठलाग चालविला आहे त्याचाच तो ससा मानला जातो, असे तो म्हणतो. पुढे १८०५ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे हाच प्रश्न कोल्ह्याच्या रूपाने आला. पोस्ट नावाचा गृहस्थ कुत्री घेऊन कोल्ह्याचा पाठलाग करीत होता. त्याच्या डोळ्यांदेखत पिअरसन याने मध्ये येऊन तो मारला व नेला. केवळ पाठलागाने मालकी निर्माण होत नाही, असा निर्णय बहुमताने देऊन न्यायालयाने पिअरसनचा पक्ष घेतला. एका न्यायाधीशाने मात्र पोस्टच्या श्रमांना न्याय मिळावा, असे भिन्न मत नोंदविले. अमेरिकेत विद्यार्थ्यांना मालमत्तेचा कायदा शिकविताना हा खटला आजही सांगितला जातो.

अलास्का राज्याच्या घटनेनुसार नैसर्गिक अवस्थेतील वन्यपशू हे लोकांच्या सामाईक उपयोगासाठी राखलेले आहेत. तेथे एके काळी वाटाड्यांना विशिष्ट क्षेत्रे वाटून देण्यात येत, आणि त्या क्षेत्रात दुसऱ्या वाटाड्याला व्यवसाय करता येत नसे. १९८८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. या पद्धतीच्या बाजूनेही काही बोलण्यासारखे होते. ज्याला एकच रान कायमचे सांभाळायचे आहे तो ते ओरबाडणार नाही, हा विचार खोटा नव्हे. तथापि उत्तम राखणदार असणे म्हणजे मालक असणे नव्हे, हे तत्त्व न्यायालयाच्या निर्णयातून निष्पन्न झाले.

कायदा इतके सांगून थांबतो. कोल्हा पिअरसनचा ठरला. पण पिअरसन सभ्यपणे वागला, असे म्हणण्यास आपली जीभ रेटत नाही. येथूनच नीतीचा प्रांत सुरू होतो.

माझ्या मते या प्रांतात एक भेद करता येतो. वाटाडा आपल्या गिऱ्हाईकाला दोन निरनिराळ्या गोष्टी देऊ शकतो. एक म्हणजे ज्ञान : जनावर कोठे पाणी पिते, वारा कोणत्या बाजूने वाहतो, गोळी केव्हा झाडू नये. हे ज्ञान त्याने कष्टाने मिळविलेले आहे आणि त्याचा मोबदला घेण्यात काहीही गैर नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जागा : पाणवठ्याच्या वाटेवर आडवी लावलेली गाडी, कळपाभोवती बसविलेली माणसे, ‘हे खोरे आमचे आहे’ असे सुचविणारी नजर. ही त्याची नव्हेच. म्हणून ती त्याला विकताही येत नाही. ज्ञानाने आपल्या माणसाचे सामर्थ्य वाढते. जागा अडविल्याने दुसऱ्याची संधी घटते.

हा भेद नेहमीच इतका सरळ राहत नाही, हेही मान्य केले पाहिजे. आरिझोना राज्यात कैबाब पठारावर बायसन आहेत. तेथील शिकारीच्या नियमांनुसार जनावरांसाठी मीठ ठेवण्यास मनाई नाही. समजा, एकाने सरकारी रानात मिठाचा ठोकळा ठेवला आणि जनावरे तेथे येऊ लागली. मीठ त्याचे, जमीन सर्वांची, जनावर कोणाचेच नाही. मग तेथे बसण्याचा हक्क कोणाचा? आणखी कठीण प्रसंग असा : कोणीही कोणाची वाट अडविली नाही, परंतु एका बाजूला पगारी डोळे इतके झाले की दुसऱ्याला जनावर प्रथम दिसण्याची शक्यताच उरली नाही. येथे ज्ञानच अडवणुकीचे काम करू लागते. अशा वेळी समाजाने मर्यादा घालणे योग्य होय. जनावरांची आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे शिकारीसाठी वापरण्यास आरिझोनाने जानेवारी २०२२ पासून बंदी केली, ती याच प्रकारची मर्यादा आहे.

परंतु प्रत्येक टेकडीवर पहारेकरी उभा करता येत नाही. नियमांच्या पलीकडे उरतो तो शेजारधर्म. आणि त्याचा पहिला भार अधिक बलवानावर पडतो. वाटाडा पुढच्या वर्षी पुन्हा त्या पर्वतावर येणार आहे. एकट्या शिकाऱ्याला ते भाग्य पुन्हा लाभणार नाही. म्हणून तोडीस तोड प्रसंग आला असता वाटाड्याने एक पाऊल मागे घ्यावे, हे त्याला कायदा सांगत नसला तरी न्यायबुद्धी सांगते. एकट्या शिकाऱ्यालाही आपल्या गरिबीचे वा एकटेपणाचे भांडवल करता येणार नाही. दुसऱ्याच्या मेहनतीमागे चोरपावलांनी जाणे आणि मागाहून ‘रान सर्वांचे आहे’ म्हणणे हा समतेचा नव्हे, आळसाचा युक्तिवाद होय. आधी पोहोचलेल्याला आधी संधी द्यावी आणि त्याचा नेम चुकल्यावरच आपण पुढे व्हावे, एवढा संयम त्यालाही पाळता येईल.

शेवटी एक गोष्ट दोघांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे. एक म्हणतो, ‘मी कष्ट केले’. दुसरा म्हणतो, ‘मी वीस वर्षे वाट पाहिली.’ दोघेही खरे बोलतात. पण कष्टांनी किंवा प्रतीक्षेने ते जनावर निर्माण झालेले नाही. ज्यांनी १९४१ साली १८ बायसन त्या ओसाड प्रदेशात सोडले, त्यांनी ते मारण्यासाठी नव्हे तर वाढण्यासाठी सोडले. त्यांच्याही आधी, कत्तलीच्या दिवसांत, कोणीतरी उरलेल्या मूठभर जनावरांवर बंदूक उचलली नाही, म्हणून यलोस्टोनमध्ये ती शिल्लक राहिली. आज ज्या कळपावरून दोघे भांडत आहेत, तो कळपच मुळी दुसऱ्यांच्या संयमाचे फळ आहे. ज्याला एखादी वस्तू संयमाच्या वारशाने मिळाली आहे, त्याने ती हिसकावून घेण्याच्या वृत्तीने उपभोगणे ही त्या वारशाशी प्रतारणा ठरते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला बायसन कधी येणार नाही. परंतु इतरांनी राखलेली विहीर, इतरांनी लावलेली सावली, इतरांनी लढून मिळविलेली समान संधी आपल्या वाट्याला रोज येते. तेथे आपण आपल्या कौशल्याचा उपयोग करतो, की दुसऱ्याची वाट अडवितो, एवढे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून पाहावे.