पसारा आवरण्यापूर्वीं



गोठ्यांत बैल नसला म्हणजे शेण काढण्याचें काम उरत नाहीं; परंतु कणगीहि रिकामी राहते. नीतिसूत्रांच्या १४ व्या अध्यायांतील ४ थ्या वचनाचा बोध हाच आहे. ज्या घरांत लहान मुलें आहेत त्या घरासहि तो लागू पडतो.

एका पावसाळ्यांत आम्ही नागोठण्यास एका उपदेशक बंधूंच्या घरीं उतरलों होतों. आंबा नदी दुथडी भरून वाहत होती, म्हणून मुलांनीं पडवींतच आपला संसार मांडला होता. आईचें लुगडें खांबाला बांधून घर झालें होतें, करवंट्यांचीं भांडीं झालीं होतीं, अंगणांतल्या चिखलाची भाजी शिजत होती, आणि सुपांतले मूठभर खरे तांदूळहि तींत पडले होते. आई लावणीहून भिजून आली. घरांत पाहुणे आणि पडवीची ही दशा! तिनें केरसुणी उचलली. तोंच पाटावर बसलेला पांच वर्षांचा 'बाबा' आपल्या बहिणीवर ओरडला, "भात कच्चा कां? तुला कांहीं कळतें कीं नाहीं?" बहिणीनें निमूटपणें मान खालीं घातली. तो स्वर कोणाचा, हें सर्वांनीं ओळखलें. उपदेशक बंधूंचा चेहरा उतरला. त्या रात्रीं कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळीं शास्त्र उघडण्यापूर्वीं त्यांनीं पत्नीची क्षमा मागितली.

केरसुणी क्षणभर आधीं फिरली असती तर पडवी स्वच्छ झाली असती. पण घरांतला खरा केर तसाच राहिला असता.

प्रभु येशूनेंहि मुलांचे खेळ पाहिले होते. बाजारांत लग्नाचे व मरणाचे खेळ मांडणाऱ्या मुलांचा दाखला त्यानें दिला, तो मत्तय ११:१६-१७ येथें आहे. तो खेळ त्यानें क्षुद्र मानिला नाहीं. त्यावरूनच मोठ्यांचीं अंतःकरणें उघडीं करून दाखविलीं. एका पाळकाचा मुलगा फ्रेडरिक फ्रोबेल यानें १८३७ सालीं जर्मनींत बालकांसाठीं संस्था काढिली, ती खेळाच्याच पायावर. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें काम आरंभिलें. शिंपले, बिया, खडे हींच तेथें साधनें झालीं.

तथापि मुलांनीं पसरावें आणि आईनें एकटीनें आवरावें, असें आम्ही म्हणत नाहीं. गरिबाच्या घरीं मूठभर तांदूळ ही थोडी गोष्ट नव्हे. तांदुळाऐवजीं तूस द्या, लुगड्याऐवजीं जुनें गोणपाट द्या. आणि खेळ संपला म्हणजे बापानेंहि खालीं बसून मुलांबरोबर करवंट्या टोपलींत भराव्या. पांच हजारांस तृप्त केल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे शिष्यांकडून गोळा करविले, आणि बारा टोपल्या भरल्या (योहान ६:१२-१३). आधीं तृप्ति, मग आवराआवर, हा त्याचा क्रम होय.

म्हणून, बंधुभगिनींनो, उद्यां पडवींत पसारा दिसला तर केरसुणी उचलण्यापूर्वीं घटकाभर उंबऱ्याशीं उभे राहा आणि ऐका. खेळांतल्या बापाच्या तोंडीं कोणते शब्द आहेत? खेळांतल्या आईला मान आहे काय? त्या घरीं प्रार्थना होते काय? जें ऐकूं येईल तें आपणच पेरलेलें पीक आहे. तें गोड निघावें म्हणून देव आपणां सर्वांस कृपा देवो. आमेन.