सहाव्या क्रमांकासाठी घर गहाण

वेंगुर्ल्यात 'खर्डेकर कॉलेज' म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर हे पूर्ण नाव मात्र पाटीवरच राहिलं आहे. हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य, पुढे पहिल्या लोकसभेत अपक्ष खासदार. मला ते आठवतात ते एका पैलवानामुळे.

खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले. मातीत वाढलेला गडी, मॅटवर पायच ठरत नव्हता, तरी सहावा! तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. १९५२च्या हेलसिंकीच्या वेळी निवडीपासूनच अडलं. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून कुस्ती पुन्हा लावून घ्यावी लागली, ती खाशाबांनी मारली. मग पैशांचा प्रश्न. गावाने वर्गणी काढली, ती पुरेना. तेव्हा खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

पदकवाले खाशाबा आज आपल्याला ठाऊक आहेत. गहाणखतावर सही झाली तेव्हा समोर होता तो सहावा आलेला मुलगा.

कोकणात याचं वजन वेगळं सांगायला नको. घराच्या कागदावर चौदा नावं, निम्मी मुंबईत, एकेक सही मिळवायला दोन-दोन गणपती जातात. एवढं करून कर्ज काढायचं ते मुलीच्या लग्नासाठी, नाहीतर भाऊबंदकीच्या दाव्यासाठी. परक्याच्या मुलाच्या कुस्तीसाठी घर? आमच्याकडच्या आयांनी कपाळावर हात मारून घेतला असता. त्यातून कुस्ती हा घाटावरचा नाद. आपली रात्र दशावतारात सरते.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. जपानच्या शोहाची इशीईबरोबरची लांबलेली कुस्ती गेली आणि दम खायलाही न मिळता लगेच सोविएत संघाच्या राशिद मामेदबेयोव्हसमोर उभं राहावं लागलं. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास मिळायला हवा होता, पण तसं ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. तरी कांस्य आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं.

गावी परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती पांगल्यावर खाशाबांनी काय केलं, ते मला मिरवणुकीहून मोठं वाटतं. त्यांनी कुस्त्या धरल्या, जिंकल्या आणि त्या पैशांतून सरांचं घर सोडवायला हातभार लावला, असं सांगतात. पुढे पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले, वर्षानुवर्षं नोकरी केली, १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशक उलटल्यावर.

कॉलेजांच्या माहितीपत्रकात निकालाची टक्केवारी छापतात. वेंगुर्ल्याच्या कॉलेजने एखाद्या वर्षी तिथे या गहाणखताची गोष्ट छापावी, आणि क्रीडाशिक्षकांनी ती आधी जिल्हा स्पर्धेत सहाव्या आलेल्या पोराला वाचायला द्यावी. पहिला आलेला काय, कुठूनही वाचेल.