आईची सात वर्षे आणि मुलाचे अठरावे वर्ष

परक्या देशातून आलेली व्यक्ती येथील घरात लग्न करून राहिली, तर ती या देशाची नागरिक केव्हा होते, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, ज्यांचा स्मृतिस्तंभ आज महावीर उद्यानात आहे. त्यांतील बहुतेक निघून गेले, तरी विवाहामुळे कोल्हापूरशी कायमचे नाते जुळल्याची उदाहरणेही आहेत. पुढे राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने, २६ जानेवारी १९५० रोजी येथे अधिवास म्हणजे कायमचे घर आणि लगतपूर्वीचे पाच वर्षांचे वास्तव्य असलेल्यांना अर्जाविनाच नागरिक मानले.

त्यानंतरचा मार्ग १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचा आहे. मुळात त्याच्या पाचव्या कलमाने भारतीय नागरिकाच्या पत्नीला नोंदणीची, म्हणजे अर्ज करून नागरिकत्व घेण्याची, मुभा देताना वास्तव्याची मुदत घातली नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीने ही सोय पतींनाही दिली, पण पाच वर्षांची अट आणली आणि २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांवर नेली. ही सात वर्षे विवाहाची नव्हेत, वास्तव्याची मोजली जातात: अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या आठ वर्षांपैकी किमान सहा वर्षे अर्जदार भारतात राहिलेला असावा लागतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. बेकायदा प्रवेश केलेल्यास हा मार्ग सर्वसाधारणपणे बंद आहे.

खरी अडचण परदेशातून आलेल्या आईच्या पहिल्या विवाहातील मुलाची आहे. नागरिकांच्या अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांची नोंदणी होऊ शकते, परंतु सावत्र अपत्याचा स्वतंत्र उल्लेख कायदा करीत नाही. त्यामुळे मुलाचा सरळ हक्क सावत्र वडिलांच्या नव्हे, आईच्या नागरिकत्वावर उभा राहतो आणि तिला ते मिळेपर्यंत त्याला थांबावे लागते. आईबरोबर बाराव्या वर्षी आलेला मुलगा तिची सात वर्षे भरेपर्यंत एकोणीस वर्षांचा होतो आणि अज्ञान मुलांची तरतूद त्याच्या हातून निसटते. त्याच घरात नंतर जन्मलेले भावंड मात्र, वडील भारतीय आणि आई वैधपणे राहणारी असल्यामुळे, जन्मतःच नागरिक असते. मोठ्यासाठी मग देशीयकरणाचा, म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मिळवण्याचा, मार्ग उरतो, ज्यात सर्वसाधारणपणे शेवटचे बारा महिने आणि त्याआधीच्या चौदांपैकी अकरा वर्षे येथे काढावी लागतात. विशेष परिस्थितीत कोणत्याही अज्ञान मुलाची नोंदणी करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे खरा, पण तो सरकारच्या विवेकावरचा आहे आणि कुटुंबाने त्यावर विसंबून मुलाचे शिक्षण, नोकरी आखावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना दुसरी रीत ठाऊक आहे: तेथे मूल अठरा वर्षांचे होण्यापूर्वी विवाह झाला असेल, तर सावत्र पालक त्याच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज करू शकतो. नागरिकत्व मात्र तेथेही आपोआप मिळत नाही, त्यामुळे ती पद्धत निर्दोष म्हणता येत नाही; पण सावत्र नात्याला कायद्यात नाव तरी आहे.

भारतीय संसदेने दोन गोष्टी कराव्यात: नागरिकाच्या सावत्र अपत्याचा पाचव्या कलमात स्पष्ट समावेश करावा आणि त्याचे वय अर्जाच्या नव्हे, तर आईसोबत भारतात वैध वास्तव्य सुरू झाल्याच्या दिवसाचे धरावे.